मदत हवी आहे : जुन्या जीन्सला डिझायनर फाटका लुक कसा द्यायचा?

मंडळी, लेकीला गुडघ्यावर फाटलेली, पांढरे दोरे लोंबणारी जीन्स हवीय. दुकानातली किंमत बघून म्हटलं, फाटक्यासाठी एवढे पैसे? घरीच करू. (आमची आई हीच जीन्स रफू करून द्यायची, असो.)

आधी नवऱ्याच्या जुन्या, जाड जीन्सवर हात साफ केला. पॉलिश पेपरने घासलं, दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर दोन आडवे काप दिले आणि भुवयांच्या चिमट्याने मधले उभे निळे धागे एकेक ओढून काढले. डेनिममध्ये उभे धागे निळे, आडवे पांढरे, त्यामुळे पांढरी जाळी सुरेख उरली. मांडीवर टाचा घासायची वजरी फिरवली, फिकटपणाही झकास आला.

मग लेकीची स्ट्रेच जीन्स घेतली आणि तिथे घोळ झाला. आडवे धागे रबरासारखे गोळा होऊन वळवळतात, पांढरी जाळी दिसतच नाही. वर ब्लीचचे शिंतोडे उडवले, तर पांढरे व्हायच्या ऐवजी पिवळट डाग पडले. एकीने व्हिनेगर सुचवलं, पण ब्लीचमध्ये ते मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे ते नको.

तर, पिवळटपणा घालवायला काही उपाय? स्ट्रेच कापडावर जाळी जमते का, की नाद सोडू? आणि धुताना भोक वाढू नये म्हणून आतून अस्तर लावता की कडेने मशीन मारता? शनिवारी तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे, जरा लवकर सांगा.