मदत हवी आहे: कॅम्परची मागची बॅटरी भरतच नाही, कोणता चार्जर घेऊ?

मांजराकाठ
राम राम मंडळी. ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर करून घेतली आहे. मागची बॅटरी, म्हणजे दिवे, पंखे आणि फ्रिजची, गाडी चालवून भरतच नाही. लातूरहून तुळजापूरला जाऊन आलो, घरी येईस्तोवर फ्रिज टीं टीं करत बंद पडला. अक्षय्य तृतीया झाली की आई-दादांना घेऊन परळी, औंढा आणि वेरूळ करायचंय. सगळे वायरमन लग्नाच्या मांडवांत अडकलेत, कोणी हाती लागेना गेलंय. एक जण म्हणतो डीसी टू डीसी चार्जर (चालत्या गाडीच्या करंटवर मागची बॅटरी नीट भरणारा) टाक, दुसरा म्हणतो बॅटरीच काढून लिथियम बसव. मला एवढंच सांगा, कोणता चार्जर घेऊ आणि किती अँपिअरचा? ऑर्डर टाकायची आहे, लवकर सांगा.

गोदातीर
मागची बॅटरी कोणती आहे? ट्यूब्युलर (इन्व्हर्टरची, पाणी घालायची), एजीएम (बंद, पाणी न लागणारी) की ट्रकची साधी? किती एएच, म्हणजे अँपिअर-अवर? पुढून मागं काय जोडलंय, रिले (दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) की नुसती वायर? गाडी कोणत्या सालची? हे कळल्याशिवाय चार्जरचं नाव कसं सांगणार?

वेरूळची_वाट
लिथियम करा, विषय संपवा. माझ्या विंगरमध्ये १०० एएचची एलएफपी (लिथियमचाच प्रकार) आणि ३० अँपिअरचा डीसी टू डीसी आहे. लेड ॲसिडची, म्हणजे ट्यूब्युलर, एजीएम वगैरेंची, निम्मीच वापरायची असते, लिथियमची ८० टक्के बिनधास्त वापरा. शिवाय ती जवळपास शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते. लेड ॲसिडचं शेवटचं २० टक्के भरायलाच काही तास जातात. वजनही निम्म्याच्या खाली. फक्त लिथियम अल्टरनेटरला (इंजिनवर वीज तयार करतो तो) रिलेवरून थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि गाडी स्लोवर उभी असताना अल्टरनेटर तापून जातो. चालू चार्जिंगमध्ये बीएमएसनं (लिथियम बॅटरीतलं रक्षक सर्किट) एकदम लाईन तोडली तर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. म्हणून मध्ये डीसी टू डीसी लागतोच.

बालाघाट
वेरूळवाले भाऊ, बीड-लातूरकडच्या मे महिन्यात लिथियम सुचवताना उन्हाचंही बोला. बंद गाडी ४२ डिग्रीत दुपारभर उभी राहिली की आत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बऱ्याच एलएफपीचे बीएमएस ४५ ते ५५ च्या दरम्यान चार्जिंग बंद करतात. ट्यूब्युलरला पाणी घालत राहा, ती सांभाळून घेते. आमच्या घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर कितीतरी उन्हाळे काढून बसली आहे.

वेरूळची_वाट
घरच्या इन्व्हर्टरला चोवीस तास लाईटवरून चार्जिंग मिळतं, गाडीला नाही. फरक तिथं आहे. आणि उन्हानं ट्यूब्युलरचंही आयुष्य कमी होतंच.

मांजराकाठ
गाडी २०१६ ची. बॅटरी १५० एएच. मध्ये रिले आहे. वायर लाल, चांगली जाड आहे. चार्जरचं सांगा ना कोणीतरी.

परभणी_वायरमन
दादा, "चांगली जाड" म्हणजे किती स्क्वेअर एमएम ते इन्सुलेशनवर छापलेलं असतं, वाचून सांगा. बॅटरी ट्यूब्युलर आहे असं धरतो, १५० एएच म्हणताय म्हणून. ऑर्डर टाकायच्या आधी अर्ध्या तासाचं काम आहे, मल्टीमीटर घ्या.

इंजिन चालू करा, आरपीएम थोडे वर धरा, मागचा फ्रिज आणि पंखे चालू ठेवा. आधी पुढच्या बॅटरीचं व्होल्टेज बघा, मग मागच्या बॅटरीचं. आता लांब वायर लावून मीटरची एक पिन पुढच्या प्लसवर आणि दुसरी मागच्या प्लसवर धरा. जे दिसेल तेवढं व्होल्टेज प्लसच्या वायरीत आणि रिलेत वाया जातंय. तसंच पुढचं मायनस ते मागचं मायनस. ते अर्थमध्ये, म्हणजे चेसिसवरून परत येणाऱ्या मायनसच्या जोडणीत, वाया जातंय. चार आकडे लिहा. डीसी क्लॅम्प मीटर कोणाकडं मिळाला तर करंटही बघा. आणि इंजिन बंद करून, बॅटरी थोडी निवल्यावर, सहाही सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता, त्यावरून बॅटरी किती भरली ते कळतं) हायड्रोमीटरनं घ्या.

कलम५२
सगळ्यात आधी आरटीओची परवानगी घेतली का? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीत बदल करायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं आहे, ते वाचून घ्या. इन्शुरन्सच्या वेळी हेच आडवं येतं.

मांजराकाठ
पासिंग झालेलं आहे, आरसीवर चढलंय. तो प्रश्न नाही.

उन्हाची_शेती
दादा, टपावर पॅनेल आहे का? नसेल तर तेच करा. सोलर पंपाचं एखादं पॅनेल जास्तीचं पडलं असेल तर टाकून द्या वर.

परभणी_वायरमन
उन्हाची_शेती, सोलर पंपाचे पॅनेल अनुदानावर आलेले असतात, ते काढून गाडीवर नेऊ नका आणि दुसऱ्याला सांगूही नका. पंपाला ते सिरीजमध्ये असतात, व्होल्टेज शेकड्यांत जातं. कोणी दोन-तीन पॅनेल तशीच सिरीजमध्ये आणून बारा व्होल्टच्या कंट्रोलरला (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला डबा) जोडली तर कंट्रोलर जळेल, आणि जोडणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

मांजराकाठ
पॅनेल आहेच की टपावर, ३३५ वॅटचं. ते दिवसा थोडं चार्ज करतं. वायरीवर ४ लिहिलंय. संध्याकाळी मीटर लावतो.

उन्हाची_शेती
हे आधी सांगायचं ना! कंट्रोलर कोणता? निळा, साधा पीडब्ल्यूएम? ३३५ वॅटचं ७२ सेलचं पॅनेल साधारण ३७-३८ व्होल्टवर ९ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम ते पॅनेल बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढून आणतो, म्हणजे १३ गुणिले ९, कडक उन्हात जेमतेम ११७ वॅट. बाकीचं टपावरच राहतं. एमपीपीटी कंट्रोलर (जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा) टाकला तर तेच पॅनेल दुपारी २० अँपिअरच्या आसपास देईल. पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर व्हीओसी (काही न जोडता मिळणारं व्होल्टेज) बघा, ४५-४६ असेल. कंट्रोलरची इनपुट मर्यादा त्याच्या बरीच वर हवी, ७५ किंवा १०० व्होल्टची घ्या. तुमच्या जागी मी आधी हाच बदलला असता.

वेरूळची_वाट
मे महिन्यात गाडी कडुलिंबाखाली लावणार की उन्हात? आई-वडील आत आहेत. सावलीत पॅनेल शून्य. चालत्या गाडीवरचं चार्जिंग हाच पाया पाहिजे, सोलर वरची भर.

उन्हाची_शेती
वाटेतल्या सावलीचं खरं आहे. पण अंतरं बघा. लातूर ते परळी दीड-दोन तास, परळी ते औंढा अडीच-तीन. नंतर दर्शन, जेवण, मुक्काम. गाडी चालते कमी, उभी राहते जास्त. लेड ॲसिड दोन तासांच्या ड्रायव्हिंगवर कधीच पूर्ण भरत नाही, चार्जर कितीही भारी आणा. तुमचं लांब अंतर एकच, औंढा ते वेरूळ. म्हणून उभ्या गाडीचं चार्जिंग आधी बघा, आणि भक्तनिवासात प्लग मिळाला तर २३० व्होल्टवरचा १५-२० अँपिअरचा चार्जर जवळ ठेवा.

बालाघाट
प्लगचं मी म्हणणारच होतो. घरचा जुना इन्व्हर्टर टाका गाडीत, त्यातच चार्जर असतो.

गोदातीर
आणि तो इन्व्हर्टर चालू राहून रात्रभर स्वतःच करंट खाईल, त्याचं काय? नुसता चार्जर बरा.

मांजराकाठ
घ्या आकडे. पुढची बॅटरी १४.१. मागची १२.९. प्लस ते प्लस ०.५. मायनस ते मायनस ०.७. शेजारच्या एसीवाल्याचा क्लॅम्प मीटर आणला, मागं १२ अँपिअर जातायत. ग्रॅव्हिटी सहाही सेलची १.१८० च्या जवळपास. फ्रिजचं एवढं महत्त्व का ते सांगतो, त्यात दादांचं इन्सुलिन असतं.

परभणी_वायरमन
छान मोजलंत. ०.५ आणि ०.७ मिळून १.२, पुढच्या-मागच्या बॅटरीतला फरकही तेवढाच. म्हणजे मोजणी बरोबर आहे आणि अल्टरनेटर बिलकुल खराब नाही.

ग्रॅव्हिटी सगळीकडं सारखी आहे ही चांगली गोष्ट. एखाद्या सेलची एकदम खाली असती तर बॅटरी गेली म्हटलं असतं. ट्यूब्युलर भरली की १.२४० च्या आसपास हवी. तुमची अर्धी भरलेली आहे आणि बरेच दिवस अर्धीच राहत आली असणार. अशी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कोणताही चार्जर आणा, उपयोग नाही. आजच घरी लाईटवर १५ अँपिअरच्या चार्जरनं ती पूर्ण भरा, ग्रॅव्हिटी चढते का बघा. त्यावर बॅटरी ठेवायची की नाही ते ठरेल.

खरा चोर अर्थ आहे. चेसिसला बोल्ट कुठं मारलाय? बहुतेक रंगावर मारला असेल. रंग घासून पत्रा चकचकीत करा, स्टार वॉशर टाका, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. मग परत मोजा. एक लक्षात ठेवा, अर्थ सुधारला की करंट वाढेल आणि मग प्लसच्या वायरीतलं नुकसान ०.५ वरून वर जाईल. घाबरू नका, वायर बारीक आहे म्हणून तसं होतं. पुढून मागं वायर किती मीटर आहे?

नांदेडची_सिस्टर
इन्सुलिन आहे तर चार्जरसोबत एवढं करा. न उघडलेल्या वायल २ ते ८ डिग्रीत राहिल्या पाहिजेत आणि एकदाही गोठता कामा नयेत. कॅम्परचे फ्रिज उणे तापमानाला जातात, सेटिंग ४-५ वर ठेवा आणि आत साधा थर्मामीटर टाका. चालू वायल किती तापमानात किती दिवस चालते ते पाकिटावर लिहिलेलं असतं. पण मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिक्कीत मिनिटभरही नको. बर्फाच्या जेल पिशव्यांचा एक डबा वेगळा ठेवा, फ्रिजवर एकट्यावर विसंबू नका. जेल पिशवी वायलला थेट टेकवू नका, मध्ये कापड ठेवा.

मांजराकाठ
ताई, खूप उपयोगी सांगितलंत. डबा करतो. वायर ७ मीटर आहे. बॅटरी मागच्या बाकाखाली आहे.

गोदातीर
बाकाखाली? त्याच बाकावर आई-दादा झोपणार का? ट्यूब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. गाडी बंद, खिडक्या बंद, वरून तुम्ही आता चार्जिंग वाढवायला निघालात. जास्त करंट, जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त गॅस. बॅटरीला झाकणाचा पेटारा करा आणि झाकणाच्या अगदी वरच्या बाजूनं पाईप गाडीबाहेर काढा. हायड्रोजन हलका असतो, खालच्या भोकातून जात नाही. रिले त्या पेटाऱ्यात नको, त्यात ठिणगी पडते. हे चार्जरच्या आधी करा, कळकळीनं सांगतोय.

वेरूळची_वाट
गोदातीरच्या शब्दाशब्दाशी सहमत. एलएफपीला चार्जिंगमध्ये हा गॅस नसतो, म्हणून मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

परभणी_वायरमन
हा मुद्दा लिथियमवाल्यांचा बरोबर आहे, मान्य. पण पंधरा-वीस दिवसांत बॅटरी, चार्जर, वायरिंग सगळं बदलून नव्या वायरिंगवर म्हातारी माणसं आणि इन्सुलिन घेऊन निघणं मला पटत नाही. या फेरीला पेटारा आणि पाईप करा. लिथियम पावसाळ्यात सावकाश.

वायरीचा हिशेब असा. तांब्याची ४ स्क्वेअर, ७ मीटर, २० अँपिअर गेले की एकाच बाजूला ०.६ व्होल्ट खाते. १६ स्क्वेअर टाकली तर ०.१५. म्हणून १६ ची टाका, मायनसही चेसिसवर न सोडता १६ चीच वेगळी ओढा. वायरीच्या टोकांचे लग क्रिम्प करून (दाबून पक्के) घ्या, नुसते पिळून नको.

वेरूळची_वाट
पण मग डीसी टू डीसी नकोच? जाड वायर टाकली तरी मागं १३.७-१३.८ च येणार, ट्यूब्युलरला १४.४ लागतात.

परभणी_वायरमन
१४.४ हे २५ डिग्रीचं आहे. लेड ॲसिडला दर डिग्रीला साधारण २४ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. बॅटरी ४२ ला असेल तर १७ गुणिले २४, म्हणजे ०.४ कमी, १४.० पुरे. बॅटरी भरत आली की करंट घटतो आणि वायरीतलं नुकसानही, म्हणून मे महिन्यात तुमचा १४.१ चा अल्टरनेटर जागेवर आहे. थंडीत कमी पडेल, तेव्हा डीसी टू डीसी घ्या. आणि घ्याल तेव्हा १५० एएच ट्यूब्युलरला ३० चा नको, १८-२० चा घ्या. ३० चा चार्जर पुढून ३७-३८ अँपिअर ओढतो, त्याला २५ स्क्वेअरची वायर आणि ६० चा फ्यूज लागतो.

वेरूळची_वाट
३० चा घेतला तर उद्या लिथियमला तोच चालतो. १८ चा घेऊन परत बदलायचा का? माझं मत ३० च.

मांजराकाठ
बोल्ट खरंच रंगावर होता. घासून आवळला. आता पुढं १४.१, मागं १३.३, मायनस ते मायनस ०.१, प्लस ते प्लस ०.७, करंट २०. चार रुपयांच्या सँडपेपरवर एवढा फरक पडला. लाईटवर रात्रभर चार्ज केल्यावर ग्रॅव्हिटी १.२३० ला आली, एक सेल १.२२५. फॅब्रिकेटरला पेटारा आणि पाईप सांगितला. १६ ची वायर आणि १०० व्होल्टचा एमपीपीटी घेतोय. डीसी टू डीसी आत्ता नाही. फ्यूज किती आणि कुठं?

परभणी_वायरमन
ग्रॅव्हिटी चढली म्हणजे बॅटरी ठेवा. १६ स्क्वेअरला ६० चा फ्यूज, आणि दोन्ही टोकांना, कारण दोन्हीकडं बॅटरी आहे. घासून वायर चेसिसला लागली तर दोन्ही बाजूंनी करंट येईल. प्रत्येक फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. एमपीपीटी ते बॅटरी वेगळा ४० चा. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट टाका. आणि जोडताना आधी कंट्रोलर बॅटरीला, मग पॅनेल कंट्रोलरला. काढताना उलट.

मांजराकाठ
टाकतो. पेटारा शनिवारी मिळतोय, बसवला की मागचं व्होल्टेज परत इथं लिहितो.