फिल्टर स्वच्छ धुतला आणि मासे गेले

(नेरुळमधल्या एका सोसायटीचा ग्रुप)

बुधवार

सी-४०३: नमस्कार. आपल्या सोसायटीत कोणाकडे फिशटँक आहे का? तातडीने मदत हवी आहे. आमच्याकडे चार गोल्डफिश होते. रविवारी टँक पूर्ण रिकामा करून धुतला. कालपासून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. काल रात्री एक गेला, आज सकाळी दुसरा. दुकानदाराने निळं औषध दिलंय, दहा थेंब टाका म्हणाला. टाकू का?

बी-७०२: थांबा ताई, औषध टाकू नका. फिल्टर कसा धुतलात ते आधी सांगा.

सी-४०३: काका, स्पंज अगदी चिकट आणि तपकिरी झाला होता. नळाखाली धरून पिळत राहिले, पाणी नितळ येईपर्यंत. मग गॅलरीत उन्हात वाळवला. पांढऱ्या रिंगा आणि वाळूसुद्धा धुतली. साबण अजिबात लावला नाही.

बी-७०२: तुम्ही मनापासून केलंत, आणि जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा हेच करतो. मासे आजारी नाहीत. पाण्यात अमोनिया चढलाय आणि त्याने त्यांचे कल्ले पोळलेत. आत्ता एवढं करा. दोन दिवस खायला एक दाणाही घालू नका. टँकमधलं तिसरा हिस्सा पाणी काढा आणि तेवढंच ताजं भरा, पण ताज्या पाण्यात अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) टाकून. उद्या आणि परवाही तेच. एअर पंप असेल तर चालू करा. संध्याकाळी सात वाजता घरी या, बरोबर झाकणाचा डबा आणा.

सी-४०३: डबा कशाला काका?

बी-७०२: माझ्या टँकमधला स्पंज देतो. गेली दोन वर्षं चालू आहे. तो तुमच्या फिल्टरमध्ये घालायचा. सगळं नीट लिहितो, जरा वेळ द्या.

डी-२०४: अरेरे, वाईट वाटलं. मुलाला कळलं का?

सी-४०३: अजून नाही काकू. शाळेतून तीनला येतो. सकाळी दप्तर भरताना टँकजवळ जाऊन "बाय" म्हणून गेलाय. एकाचं नाव त्याने लाडू ठेवलं होतं, तोच गेला.

बी-७०२: ग्रुपवरच लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही तोच. फिल्टरच्या स्पंजवर जो चिकट तपकिरी थर असतो त्यात जिवाणू राहतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विष, नायट्रेट त्या मानाने खूपच सौम्य, ते पाणी बदललं की निघून जातं. म्हणजे ताई, तुम्ही जी घाण म्हणून धुतलीत तीच टँक चालवत होती. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते जिवाणू मारण्यासाठीच. उरलेसुरले उन्हात वाळून गेले. आणि हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दह्यातले बघता बघता वाढतात, रात्री विरजण लावलं की सकाळी दही. यांना दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून नवीन टँक नीट बसायला चार ते सहा आठवडे जातात. जुन्या पुस्तकांत नायट्राइटवर काम करणाऱ्याचं नाव नायट्रोबॅक्टर असं सापडेल, पण १९९८ मध्ये टँकांच्या पाण्यावरच झालेल्या संशोधनात ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असं दिसलं.

मी तुर्भ्याला एमआयडीसीत एका कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करतात तिथे, नोकरी केली. तिथे आम्ही असेच जिवाणू सांभाळायचो. त्यांना हवा कमी पडली किंवा एखाद्या शिफ्टला चुकून क्लोरीन आत गेलं की पुढचे पंधरा दिवस सगळं बिघडलेलं. आपल्या सोसायटीच्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाकीत, काळ्या प्लास्टिकची लहान लहान चाकं पाण्यात फिरत असतात, पाहिलीत का कधी? त्यांच्या खाचांमध्ये जिवाणू बसावेत म्हणून ती टाकलेली असतात. टँकच्या फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगा त्याच कामाच्या.

सेक्रेटरी: काका, एसटीपीच्या ऑपरेटरने मला हेच सांगितलं होतं, ती चाकं धुवायची नसतात म्हणून. आज कारण समजलं.

सी-४०३: म्हणजे दोष माझाच.

बी-७०२: नाही ताई. विकणाऱ्याने फिल्टर देताना एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. माझे पहिल्या वर्षी अकरा मासे गेले, मग मी वाचायला लागलो. त्या निळ्या औषधाचंही सांगतो. मेथिलीन ब्लू बुरशीवर चांगलं आहे, पण वेगळ्या भांड्यात वापरायचं. फिल्टर असलेल्या टँकमध्ये टाकलं तर राहिलेले जिवाणूही जातात.

गुरुवार

सी-४०३: काल काकांनी स्पंज दिला. त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून डब्यात घालून दिला, वाटेत वाळू नये म्हणून. लिफ्टमधून आणताना डब्याला हात लावला तर पाणी कोमट. आमच्या फिल्टरमध्ये आमच्या स्पंजशेजारी घातला. दोन्ही मासे जिवंत आहेत, पण अजून वरच आहेत.

बी-७०२: आजही पाणी बदला. वर आहेत ते साहजिक आहे. पोळलेले कल्ले भरून यायला वेळ लागतो, आणि सध्या पाणीही तापलेलं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो.

ए-११०१: काका, एक प्रश्न. मी तीन फुटी टँक घेतोय, कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) लावावा म्हणतोय. ताईंनीही कॅनिस्टरच घ्यावा ना? सगळ्यात पॉवरफुल तोच.

बी-७०२: ताईंचा टँक दोन फुटी आहे. दोन बाय एक बाय एक, म्हणजे काठोकाठ ५६ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पन्नासच्या आत. ताशी टँकच्या चार ते सहा पट पाणी फिल्टरमधून फिरलं की पुरतं, म्हणजे २०० ते ३०० लिटर. बॉक्सवर ६०० लिहिलेलं असतं ते रिकाम्या पंपाचं, स्पंज भरला आणि पाणी वर चढवायचं म्हटलं की बरंच कमी होतं. तेव्हा आकडा थोडा वरचा घ्यावा, पण उगाच तिप्पट नको. एकाने बेट्टाच्या, म्हणजे फायटर माशाच्या, लहान टँकमध्ये मोठा पंप लावला होता. बिचारा दिवसभर कोपऱ्यातल्या झाडाला धरून बसायचा, लांब पर घेऊन त्याला प्रवाहात पोहताच येईना.

ताईंसाठी मी साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप सुचवेन. दोन-तीनशे रुपयांत फिल्टर मिळतो. आत मोटर नाही, पाती नाहीत, बिघडायला काहीच नाही. बुडबुडे वर जाताना पाणी स्पंजमधून ओढून घेतात आणि पाण्यात हवाही मुरते. सध्याचा आतला फिल्टर आहे तोही चालू ठेवा. दोन फिल्टर असले की एक या महिन्यात धुवायचा, दुसरा पुढच्या, म्हणजे सगळे जिवाणू एकदम कधीच जात नाहीत.

ए-११०१: आणि मला?

बी-७०२: तीन फुटीला कॅनिस्टर शोभेल. खाली कपाटात बसतो, आवाज नाही, रिंगा भरपूर मावतात. पाणी आधी जाड स्पंजमधून जाऊ दे, मग बारीक, शेवटी रिंगा. उलटं भरलंस तर रिंगांवरच गाळ बसेल. पण एक लक्षात ठेव. तो बंद डबा आहे. लाईट चार-पाच तास गेली की आतले जिवाणू डब्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मरायला लागतात. लाईट आल्यावर तसाच चालू केलास तर ते सडकं पाणी टँकमध्ये जाईल. आधी उघडून वास घे. कुजलेल्या अंड्यांसारखा आला तर ते पाणी ओतून दे, टँकच्या पाण्याने विसळ, मग लाव.

ए-११०१: हे माहीत नव्हतं. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यावर टाकतो. आणि फिल्टरमधला कार्बन, तो काळा कोळसा, दर महिन्याला बदलायचा ना?

बी-७०२: रोज कार्बन लागत नाही. औषध काढून टाकायचं असेल किंवा पाण्याला पिवळसर रंग आला असेल तेव्हा घाल. तीन-चार आठवड्यांत त्याची ताकद संपते. ती जागा रिंगांना दे.

ए-११०१: दुकानात तर कार्बनशिवाय फिल्टर अपुरा म्हणतात. पण तुम्ही म्हणता तर रिंगा भरतो.

डी-२०४: आमच्याकडे नातवाचे दोन गप्पी आहेत. तो फिल्टर रात्री घर्रर्र आवाज करतो, म्हणून मी झोपताना बंद करते आणि सकाळी लावते. चालेल ना?

बी-७०२: नाही काकू, बंद करू नका. जिवाणूंना रात्रीही ऑक्सिजन लागतो. आवाज बंद करता येईल. एअर पंप असेल तर तो कपाटाच्या फळीला चिकटला असेल, खाली जाडसर घडी केलेला नॅपकिन ठेवा. मोटरवाला असेल तर प्लग काढून आतली छोटी पंख्यासारखी पाती हलकेच बाहेर ओढा, लोहचुंबकाची असते. तिच्याभोवती शेवाळ गुंडाळलेलं असतं. जुन्या टूथब्रशने घासा. मधली सिरॅमिकची दांडी नाजूक असते, वाकडं ओढलं की मोडते.

डी-२०४: आणि चोवीस तास चालू म्हणजे बिल?

बी-७०२: १० वॅटची मोटर महिनाभर अखंड चालली तर ७.२ युनिट. ३ वॅटचा एअर पंप दोन-सव्वादोन युनिट.

डी-२०४: मग काही नाहीच. आजपासून चालू ठेवते. पंप मात्र खाली टीपॉयवर आहे, टँकपेक्षा खाली. ठीक आहे ना?

बी-७०२: लाईट गेली की पाणी नळीतून उलटं खाली येईल, पंपात शिरेल आणि टीपॉयवरून जमिनीवर. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, तो पाणी उलटं येऊ देत नाही. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. बाण टँककडे हवा, उलटा लावला तर हवा जाणारच नाही.

सी-४०३: काका, मग स्पंज धुवायचा तरी कसा आणि कधी?

बी-७०२: कॅलेंडर बघून नाही, पाण्याची धार बघून. धार मंदावली की धुवायचा, साधारण तीन-चार आठवड्यांनी. पाणी बदलताना टँकमधलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा. चहासारखं पाणी निघतं. स्पंज तपकिरीच राहिला पाहिजे. त्याच्या छिद्रांतून पाणी जाऊ लागलं एवढं बास. रिंगा त्याच पाण्यात नुसत्या हलवायच्या, तेही वर्षातून एक-दोनदा. ते गढूळ पाणी मी कुंडीतल्या कढीपत्त्याला घालतो. नायट्रेट म्हणजे खतच. आमची ही म्हणते, मासे पाळल्यापासून कढीपत्ता विकत आणला नाही.

आणि ताई, आता गोल्डफिश दोनच ठेवा, तेही मोठा टँक घेईपर्यंत. ते वीतभर वाढतात आणि घाणही खूप करतात. पन्नास लिटरमध्ये चार फारच होते. कोणताही फिल्टर त्याला पुरा पडला नसता.

सी-४०३: मुलाला काल सगळं खरं सांगितलं. रडला. मग त्याने विचारलं, जिवाणू काय खातात?

बी-७०२: त्याला पाठवा माझ्याकडे रविवारी.

पुढचा शुक्रवार

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. रविवारी सकाळी १० ते ४ यूजी (जमिनीखालच्या) आणि वरच्या टाक्या धुण्याचं काम आहे. या वेळेत पाणी बंद राहील. नंतर टाक्यांत क्लोरीनची मात्रा जास्त असेल, पहिलं पाणी दहा मिनिटं सोडून द्यावं. गरजेपुरतं पाणी शनिवारीच भरून ठेवावं.

बी-७०२: फिशटँकवाल्यांनी विशेष लक्ष द्या. रविवारी आणि सोमवारी नळाचं पाणी टँकमध्ये घालू नका. मोरबे धरणाचं नेहमीचं नळाचं पाणी शनिवारीच बादल्यांत भरा, झाकण न लावता. साधं क्लोरीन उघड्या बादलीतून दिवसभरात बरंचसं उडून जातं, तरी अँटीक्लोरीन घालाच. टाक्या धुतल्यानंतर पहिल्यांदा वापराल तेव्हा बाटलीवरची मात्रा पूर्ण घाला, अंदाजे नको.

सी-४०३: काका, आज पाण्याची अमोनियाची टेस्ट केली. मागच्या शुक्रवारी नळीतलं पाणी गडद हिरवं झालं होतं, सोमवारी पोपटी, आज पिवळं. पिवळं म्हणजे अमोनिया शून्य ना?

बी-७०२: हो. नायट्राइट पण बघा, तो मागाहून उतरतो. तोपर्यंत एक दिवसाआड थोडं पाणी बदलत राहा. खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

सी-४०३: दोघंही आता खाली वाळूत तोंड खुपसून काहीतरी शोधत असतात. मुलगा रोज शाळेतून आला की आधी फिल्टरच्या धारेखाली बोट धरून बघतो. माझ्याकडे बादल्या मात्र दोनच आहेत.

डी-२०४: माझ्याकडे मोठं पातेलं आहे. उद्या भरून ठेवते, लागेल तेव्हा मुलाला पाठव.