मदत हवी आहे: येरेवानचा ब्रोच काळा पडलाय, शनिवारच्या आत साफ करायचाय

रानजाई:
घाईत लिहितेय. मुलीचा येरेवानहून (आर्मेनियाच्या राजधानीतून) आलेला ब्रोच पार काळवंडलाय. नेहमीचे उपाय करून झाले, निम्मासुद्धा निघाला नाही. आमचे सराफ म्हणतात उजाळा देतो, पण चांदी खोटी आहे असंही म्हणाले. शनिवारी मुलगी येतेय. कोणी घरच्या घरी केलं असेल तर लगेच सांगा.

खडीसाखर:
रिठ्याचं कोमट पाणी आणि जुना मऊ ब्रश. माझ्या सासूबाईंच्या जोडव्यांपासून देवघरातल्या निरांजनापर्यंत गेली तीस वर्षं मी हेच करते.

पश्चिमवारा:
रिठे उकळत बसण्यापेक्षा सोपं आहे. भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर दागिना, वर खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. पाच मिनिटांत लखलखीत. काळेपणा म्हणजे चांदीवर चढलेलं गंधक, ते अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं. शास्त्र आहे, आजीबाईचा बटवा नाही.

तांबट:
रानजाई ताई, दोन्हींपैकी काही करू नका, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. 'नेहमीचे उपाय' म्हणजे नक्की काय केलंत? ब्रोचवर नक्षी आहे का? खडे आहेत का? मागे शिक्का काय आहे? आणि मुळात नवा आहे की जुना?

खडीसाखर:
रिठ्याने काही बिघडत नाही हो. उगाच घाबरवू नका त्यांना.

रानजाई:
टूथपेस्ट लावून घासला, दोनदा. डाळिंबाच्या आकाराचा आहे, कडेला बारीक तारेचं काम, मध्ये पानं-फुलं. खडे नाहीत. मागे एक फुल आणि ८७५ असा आकडा. ९२५ नाही, म्हणून तर सराफ खोटी म्हणाले. मुलगी तिकडे एमबीबीएसला आहे. तिच्या घरमालकीण आजींनी घर सोडताना दिला. किती जुना ते माहीत नाही.

तांबट:
आता कळलं. भिंगाखाली बघा, ते फुल नाही. पाच टोकांचा तारा असेल आणि त्याच्या पोटात विळा-हातोडा. आर्मेनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता, आणि १९५८ पासून सोव्हिएत काळात हाच शिक्का मारत. ८७५ म्हणजे हजारात ८७५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. आपल्याकडे ९२५ ची सवय म्हणून सराफांना शंका आली, पण ही चांदी खरीच आहे. तांबं थोडं जास्त म्हणून काळवंडतेही लवकर.

आता महत्त्वाचं. मधली पानं-फुलं काळ्या रेघांत आहेत ना? त्या रेघांवरून नख फिरवून पाहा. खाचेत भरून सपाट केल्यासारखं लागत असेल तर तो मळ नाही, ते काम आहे. चांदी, तांबं, शिसं आणि गंधक वितळवून केलेली काळी पूड कोरलेल्या खाचांत भरतात, भट्टीत तापवतात, मग वरचं घासून काढतात. उरतं ते चित्र. वान शहरातले आर्मेनियन सोनार या कामासाठी नावाजलेले होते. ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांचा १९१५ ला जो संहार झाला त्यात ते शहर उजाडलं (आता तुर्कस्तानात आहे), तरी जे वाचले ते हात ही कला घेऊन गेले. सराफांचा उजाळा म्हणजे मोटरवरचं बफिंग. चित्रच उडेल.

पश्चिमवारा:
सोड्याने घासावं लागत नाही, त्यामुळे चित्र उडायचा प्रश्नच नाही.

तांबट:
प्रश्न येतो. सोडा-फॉइलला मुद्दाम केलेला काळा आणि हवेने आलेला काळा यातला फरक कळत नाही. शिवाय तारकामाच्या आड पाणी राहिलं तर नंतर डाग उमटतात. मी एकदा ऑक्सिडाइज्ड कडं असंच पांढरंफटक करून बसलोय, म्हणून एवढं सांगतोय.

सांजवात:
मी येरेवानला सहा वर्षं होते. ब्रोचचं ठाऊक नाही, पण व्हर्निसाजला जाणाऱ्यांसाठी सांगते. रिपब्लिक चौकाजवळचा बाजार, शनिवार-रविवारी खरी गर्दी. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, तिच्या माळा आणि कानातली घ्या, कारण तो दगड तिथल्याच डोंगरांतला आहे. मात्र फरशीवर पडला की काचेसारखाच फुटतो. अक्षरांची पेंडंटही सुंदर मिळतात. त्यांची लिपी मेस्रोप माश्तोत्सने ४०५ च्या सुमारास रचली आणि लोक ती अंगावर मिरवतात.

कोयनाकाठ:
सांजवात, तुम्ही तिथे होतात म्हणून विचारतो. भावाने तिकडून लाल गालिचा आणलाय. दुकानदार म्हणाला किड्याचा रंग आहे. ओल्या फडक्याने पुसला तर रंग जाईल का?

सांजवात:
तो किडा खरा आहे, वोर्दान कार्मिर. अरारात खोऱ्यातल्या खारट जमिनीत गवताच्या मुळांवर जगतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पहाटे वर येतो. पण त्याचा रंग फार दुर्मीळ. लाल म्हणून बहुतेक मंजिष्ठा वापरतात, नाहीतर कारखान्यातला रंग. उलट्या बाजूला कोपऱ्यात पांढरं ओलं फडकं दाबून पाहा.

पश्चिमवारा:
आर्मेनियाचा विषय निघालाच आहे तर, मुंबईत फोर्टला मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियन लोकांचं सेंट पीटर चर्च आहे, १७९६ चं. जवळून रोज जातो आपण, बघत नाही.

खडीसाखर:
ब्रोचचं काय झालं ते आधी सांगा हो कुणीतरी.

रानजाई:
आत्ताच सराफांकडून परत आणला. मशीनवर चढवणारच होते. भिंगातून पाहिलं, ताराच आहे आणि आत विळाही दिसतो. नख फिरवलं, रेघा सपाट लागल्या. मी टूथपेस्टने घासलेल्या बाजूला मात्र एका पानाची शीर फिकट झालीय. फार वाईट वाटतंय. मुलीला फोन करून सांगून टाकलं. ती म्हणाली, "आई, तातिकच्या कोटावर मी तो सहा महिने रोज बघत होते, तो तसाच काळा असतो." तातिक म्हणजे आजी. म्हणजे मी काढत होते तो काळेपणा मुळातलाच. आता त्या फिकट शिरेचं काय करू? आणि ठेवू कशात?

तांबट:
त्या शिरेला हात लावू नका. तेवढी झीज दिसू द्या, ती पुन्हा भरायची तर अख्खा ब्रोच तापवावा लागेल आणि तारेचे डाख सुटू शकतील. उंच भाग फक्त कोरड्या मऊ सुती फडक्याने पुसा. पिवळट झाक तेवढ्यानेच जाईल. ठेवताना सुती कापडात गुंडाळून हवाबंद पिशवीत, सोबत पांढरा खडू. रबरबँड आणि लोकर जवळ नको, दोन्हींत गंधक असतं.

रानजाई:
मी तो डबीत रबरबँड लावूनच ठेवला होता. काढला.

कोयनाकाठ:
फडकं दाबलं, गुलाबी झालं. आता?