‘दुष्फेन’, ‘जड’ की ‘मचूळ’?

लातूरहून: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘दुष्फेन पाणी’ आहे. मांजरा धरणाचं पाणी नळाला येईपर्यंत आमचं सगळं बोअरवर, आणि त्या पाण्याला आम्ही ‘जड’ म्हणतो. आई म्हणते ‘मचूळ’. तिन्ही एकच का? आणि ‘दुष्’ कशाला, पाणी काय दुष्ट आहे?

परभणीहून: फेन म्हणजे फेस. संस्कृतात रिठ्याला ‘फेनिल’ म्हणतात, तो ह्याच घरातला. ‘दुष्’ इथं दुष्करमधला, म्हणजे मुश्किलीनं. फेस सहज आला तर पाणी सुफेन. मचूळ ही चव झाली. गोड लागणारं पाणीही दुष्फेन असू शकतं. ‘जड पाणी’ घरात ठीक, पण पेपरात नको. थळच्या कारखान्यात अणुभट्टीसाठी बनतं ते जड पाणी, त्यात ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा जड प्रकार असतो.

आता फेस का येत नाही ते. साबणाच्या रेणूची लांब शेपटी तेलकट मळात रुतते, डोकं पाण्याकडं राहतं. अशा असंख्य शेपट्यांनी वेढलं की मळाचा थेंब कापड सोडतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम त्या डोक्यांनाच धरतात आणि न विरघळणारा साका होतो. बादलीला कडेनं चिकटतो तोच. पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम संपेपर्यंत घासलेला साबण फुकट.

औशाहून: आमची आजी म्हणायची, “डाळ शिजंना, साबन फेसंना, त्या हिरीचं पानी कशाला आनलं?” दोन्हीचा चोर कॅल्शियमच! डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन तो घट्ट करतो. धुण्याच्या पाण्यात ती आधी धुण्याचा सोडा टाकायची, साका खाली बसला की वरचं घ्यायची. तुरटीनं हे होत नाही, गढूळपणा तेवढा जातो.

लातूरहून: पण कपड्याच्या पावडरीला बोअरच्या पाण्यातही फेस येतो. मग तेच पाणी सुफेन झालं?

परभणीहून: चांगलं पकडलंत. डिटर्जंट कॅल्शियमशी असा साका धरत नाही. म्हणजे ‘दुष्फेन’ हा साबणाच्या वडीपुरता शब्द, पावडरीपुढं तो लंगडा पडतो. शिवाय फेस म्हणजे स्वच्छता नव्हेच. मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची करतात. तरी वहीत ‘दुष्फेन’च लिहू द्या.

लातूरहून: लिहिलं तिनं. आई विचारते, “म्हणजे मचूळच की?”