मिथाइल मर्क्युरीची सुरक्षित मात्रा कशी ठरली?

प्रश्न: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मिथाइल मर्क्युरीची (मासे वगैरे खाण्यातून शरीरात जाणाऱ्या पाऱ्याच्या विषारी संयुगाची) संदर्भ मात्रा, म्हणजे आयुष्यभर रोज पोटात गेली तरी अपाय होऊ नये अशी मात्रा, शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज 0.1 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. जिथे काहीच अपाय दिसला नाही, ती मात्रा थेट का घेतली नाही, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर १: उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरच्या ज्या अभ्यासावर ही मात्रा बेतली आहे, त्यातल्या गरोदर माता पायलट देवमाशाचे मांस खात असत. तिथे अशी बिनधोक पायरी हाती लागली नाही, नाळेच्या रक्तातला पारा वाढत गेला तसे मुलांचे सातव्या वर्षीचे चाचणीगुण हळूहळू उतरत गेले. म्हणून सर्व नोंदींवर गणिती प्रारूप बसवून, अतिशय कमी गुण मिळवणाऱ्या मुलांचे प्रमाण 5 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर नेणारी मात्रा काढली. चित्रे ओळखून नावे सांगण्याच्या चाचणीत तिची खालची विश्वास-मर्यादा (अंदाजातली अनिश्चितता धरून घेतलेली सावध, खालची किंमत) नाळेच्या रक्तात लिटरमागे 58 मायक्रोग्रॅम आली.

उत्तर २: आईच्या आहाराच्या हिशेबात नाळेच्या रक्तातली ही 58 ची मर्यादा रोज किलोमागे सुमारे 1 मायक्रोग्रॅम होते. पारा शरीराबाहेर टाकण्याचा वेग प्रत्येकीचा वेगळा असल्याने, आणि इतर अनिश्चितताही धरून, तिला 10 ने भागले. माझ्या मते हा भागाकार मुळीच अतिरेकी नाही, कारण इथे पणाला लागलेला आहे तो गर्भातल्या बाळाचा मेंदू.