मदत हवी आहे: सॅम (अतितीव्र कुपोषित) मुलांचे घरचे उपचार मध्येच तुटतात

नमस्कार. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत आमचा गट ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांची तपासणी करतो. दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी, किंवा दोन्ही पावलांवर अंगठ्याने ३ सेकंद दाबून खड्डा राहिला, की मूल अतितीव्र कुपोषित धरतो. सूज असेल किंवा भूक-चाचणीत मूल खात नसेल, तर थेट पोषण पुनर्वसन केंद्र. इथवर ठीक.

अडतं ते घरी उपचार चालणाऱ्या मुलांचं. सहा किलोच्या बाळाला दिवसाला साधारण १०५० कॅलरी, म्हणजे शेंगदाण्याच्या उपचार-आहाराची ९२ ग्रॅमची दोन पाकिटं लागतात. पाकीट फोडलं की थोरली भावंडं समोर बसलेलीच. आई कुणाला नाही म्हणणार? वजन बहुतेकदा इथेच अडकतं. थोरल्यांना वेगळी चिक्की किंवा चणे देऊन कुणाला फरक दिसलाय का?

दुसरं, मे महिन्यात कुटुंबं गावी जातात आणि दर आठवड्याचं वजन करायचं राहून जातं. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप) स्थलांतराची नोंद होते, पण गावच्या अंगणवाडी सेविकेच्या हाती मूल खरोखर पोचलं हे तुम्ही कसं पाहता? परराज्यात गेलेल्यांचं काय करता?

आणि दोन वर्षांखालचं मूल आडवंच मोजायला हवं. उभं मोजलं तर साधारण ०.७ सेंमी कमी भरतं, त्या उंचीला वजन बरं दिसतं आणि आजारी मूल यादीतून सुटतं. चिंचोळ्या गल्लीतून, लोखंडी शिडीवरून पोटमाळ्यावर नेता येईल असा, लांबी मोजायचा हलका घडीचा फळा कुणी बनवून घेतलाय का? मापं कळवा.