मन वळवणाऱ्या लेखात अलंकार किती आणि कुठे वापरायचे?

कोरापान ने विचारलं:

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजची अभ्यासिका संध्याकाळी सहाला बंद होते, ती रात्री दहापर्यंत उघडी ठेवा म्हणून प्राचार्यांना निवेदन द्यायचंय आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी अगदी मन लावून लिहिलं, शाळेत शिकलेले सगळे अलंकार आठवून आठवून वापरले. सुरुवात अशी आहे:

"ग्रंथालय म्हणजे ज्ञानाचा महासागर, ग्रंथालय म्हणजे संस्कृतीचा दीपस्तंभ, ग्रंथालय म्हणजे विद्यार्थ्यांची माऊली! हा दीपस्तंभ सहा वाजता विझावा यासारखं दुसरं दुर्दैव कोणतं? हजारो विद्यार्थ्यांचं भविष्य अंधारात लोटलं जातंय, याला जबाबदार कोण?"

मैत्रिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, भाषा छान आहे गं, पण वाचून काही करावंसं वाटत नाही. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. अलंकार सगळे काढून टाकू का? की ते वापरायची माझी पद्धत चुकतेय? आणि एकच शब्द परत परत आला तर पुनरुक्तीचा दोष होतो असं शिकवलं होतं, मग मोठमोठ्या भाषणांत तेच का करतात? प्लीज नीट सांगा, दोन दिवसांत द्यायचंय.

---

खडूफळा:

काढू नकोस, निवड. तुझ्या पहिल्या वाक्यात तीन रूपकं आहेत. महासागर म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर पाणी येतं, ते नीट दिसायच्या आत तू त्याला दीपस्तंभ दाखवतेस आणि तो दिसायच्या आत माऊली, म्हणजे तिन्ही चित्रं एकमेकांना पुसून टाकतात आणि हाती नुसता मोठा आवाज उरतो.

आता यातलं ठेवायचं कुठलं? मला विचारशील तर दीपस्तंभ, आणि त्याचं कारण तुझ्याच वाक्यात आहे, तुझ्या लक्षात आलं नाही इतकंच. दीपस्तंभ लावतात कधी? अंधार पडल्यावर. दिवसा त्याचा उजेड कोणाला लागतो! आणि तुमची अभ्यासिका नेमकी अंधार पडायच्या वेळी बंद होते. म्हणजे हे रूपक फक्त शोभेचं नाही, तुझा सगळा मुद्दाच त्याच्या पोटात आहे. मग सरळ तेच लिही: "दीपस्तंभाचा दिवा सूर्य मावळल्यावर लावतात. आपली अभ्यासिका सूर्य मावळताना बंद होते." बास, दोन वाक्यं. दुर्दैव वगैरे शब्दाची गरजच राहिली नाही, ते वाचणाऱ्याला आपसूक वाटेल.

मी तरी हीच कसोटी लावतो. अलंकार काढला आणि मुद्दा जसाच्या तसा उभा राहिला तर तो अलंकार फुकट होता, आणि तो काढल्यावर मुद्दाच लंगडा झाला तर तो ठेवायलाच हवा. महासागर काढून बघ, काय बिघडतं? काहीच नाही.

अजून एक, उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत नुसता परीक्षेपुरता फरक नाहीये. 'सारखं' म्हटलं की वाचणारा मनात तुलना करून बघतो, 'जणू' म्हटलं की थोडी कल्पना मान्य करतो, आणि रूपकात तू त्याला विचारतच नाहीस, हे म्हणजे तेच असं ठोकून सांगतेस. ज्याचं मन अजून वळलेलं नाही त्याच्यासमोर पहिल्याच ओळीत रूपक ठोकलं तर तो आतून 'छे' म्हणतो. आधी साम्य दाखव, मग ठोक.

---

सरळरेघ:

मला नाही पटत. प्राचार्यांना दीपस्तंभ काय करायचाय? त्यांच्यासमोर रोज दहा अर्ज येतात, त्यांना आकडा द्या. सलग पाच दिवस पावणेसहाला अभ्यासिकेत उभं राहून डोकी मोजा आणि रोजचा आकडा लिहा. आणि ते 'हजारो विद्यार्थी' आधी काढा ताई, कारण तुमच्या अभ्यासिकेत हजार खुर्च्या नसणार हे प्राचार्यांना माहीत आहे, आणि एक आकडा फुगवलेला दिसला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. अतिशयोक्ती कवितेत शोभते कारण तिथे सगळ्यांना माहीत असतं की ही अतिशयोक्ती आहे, अर्जात तीच गोष्ट खोटी माहिती होते.

---

खडूफळा:

@सरळरेघ, आकड्याचं शंभर टक्के मान्य. पण आकडा एकटा पुरत नाही हो, आकडा वाचून माणूस मान डोलावतो आणि कागद बाजूला ठेवतो. अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवायच्या तीन वाटा सांगितल्या होत्या, बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. तुमचा आकडा विश्वास आणि युक्तिवाद दोन्हीला बळ देतो, पण भावनेची वाट रिकामीच राहते. तिथे एखादं डोळ्यासमोर दिसणारं वाक्य लागतं.

---

ओळख_अक्षरांची:

पुनरुक्तीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, हा माझा आवडता विषय आहे.

दोष कधी होतो? शब्द परत येतो पण अर्थ पुढे जात नाही तेव्हा. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांचं ४ जून १९४० चं भाषण घ्या, जर्मनांनी कोंडलेलं सैन्य फ्रान्समधल्या डंकर्कहून कसंबसं परत आणल्यानंतरचं. त्यात 'आम्ही लढू' हे परत परत येतं म्हणून ते गाजलं असं सगळे सांगतात, पण जागा कुठल्या कुठल्या येतात ते क्रमाने बघा. आधी फ्रान्स, मग समुद्र, मग आकाश, मग आपलं बेट, त्याचे किनारे, विमानं उतरायच्या जागा, शेतं, रस्ते आणि शेवटी डोंगर. म्हणजे शब्द तोच आहे आणि शत्रू प्रत्येक वाक्याला एकेक पाऊल आत येतोय! ऐकणाऱ्याला कोणी सांगितलं नाही की परिस्थिती बिकट आहे, पण त्याच्या पोटात गोळा आलाच असणार, आणि त्यानंतर 'आम्ही कधीही शरण जाणार नाही' येतं. ते वाक्य पहिल्यांदा आलं असतं तर नुसती घोषणा झाली असती.

आता तुझं 'ग्रंथालय म्हणजे' तीनदा आलंय, त्यात काय पुढे सरकलं? महासागराकडून माऊलीकडे जायला काही रस्ताच नाही. तीनदाच म्हणायचं असेल तर काहीतरी वाढत जाऊ दे. उदाहरणार्थ "सहा वाजता दिवे बंद होतात. सव्वासहाला आम्ही पायऱ्यांवर असतो. सातला पायऱ्याही दिसेनाशा होतात."

आणि मराठीत तर आपल्याकडे एका अक्षराचं हत्यार आहे. टिळकांचं 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच' यातला शेवटचा 'च' काढून म्हणून बघा. वाक्य बरोबरच राहतं, पण जीव जातो त्यातला. 'जन्मसिद्ध' या शब्दाने मागण्याचा प्रश्नच संपवला, जे जन्मतःच आपलं आहे ते मागायचं कोणाकडे, आणि मग त्या 'च' ने दार लावून घेतलं. मात्र असा 'च' अख्ख्या लेखात एकदाच, दर ओळीला 'च' आला की तो हट्ट वाटायला लागतो.

---

पानगळ:

'याला जबाबदार कोण?' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. उत्तर आधीच ठरलेला प्रश्न विचारताना तो कोणासमोर विचारतोय ते बघावं लागतं. जुलै १८९७ मध्ये केसरीत 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असा अग्रलेख आला तेव्हा तो प्रश्न नावाला सरकारला होता, पण वाचणारी जनता होती, आणि उत्तर जनतेने मनात द्यायचं होतं. म्हणून तो झोंबला. तुझं निवेदन वाचणार कोण, तर प्राचार्य. तुझ्या प्रश्नाचं उत्तर काय, तर प्राचार्य. म्हणजे ज्यांच्याकडून सही हवीय त्यांनाच तू आरोपी करतेस. त्यांना असा प्रश्न विचार ज्याचं उत्तर देताना त्यांना बरं वाटेल.

त्यांच्या मनात जी अडचण येणार ती तूच आधी बोलून टाक. रात्री एक माणूस जास्त थांबवावा लागेल, विजेचं बिल वाढेल, हे त्यांना सुचणारच आहे. तू आधी लिहिलंस तर ती चर्चा होते, त्यांनी काढलं तर तो नकार होतो.

---

कोरापान:

खूप खूप आभार सगळ्यांचे, रात्री बसून सगळं पुन्हा लिहिलं. काल आणि आज पावणेसहाला जाऊन मोजलं पण, ४१ आणि ३८ जण होते, अजून मोजणार आहे. आता सुरुवात अशी:

"दीपस्तंभाचा दिवा सूर्य मावळल्यावर लावतात. आपली अभ्यासिका सूर्य मावळताना बंद होते. सोमवारी त्या वेळी आत ४१ विद्यार्थी होते, मंगळवारी ३८. पुस्तकं कपाटात राहतात आणि वाचणारे पायरीवर. रात्री एक कर्मचारी थांबवावा लागेल याची आम्हाला जाणीव आहे, म्हणून पहिला एक महिना फक्त परीक्षेच्या काळापुरता हा प्रयोग करून बघावा ही विनंती. सर, या महिन्यात किती जण येतात ते आपण मिळून मोजूया का?"

---

सरळरेघ:

हे वाचून मीच सही केली असती ताई. दीपस्तंभाबद्दल माझं मत मागे घेतो.

---

ओळख_अक्षरांची:

'पुस्तकं कपाटात राहतात आणि वाचणारे पायरीवर', अगं केवढं सुंदर वाक्य आलंय! फक्त तो 'आणि' काढ. तो दोन्ही बाजू जोडतो, तुला त्या समोरासमोर उभ्या करायच्यात. 'पुस्तकं कपाटात, वाचणारे पायरीवर.' क्रियापदही नको.

---

पानगळ:

आणि 'पहिला एक महिना' आणि 'परीक्षेच्या काळापुरता' यातलं एकच ठेव, दोन्ही वाचून नक्की काय मागताय ते कळत नाही. मी महिना ठेवला असता.